पॉडकास्टचं ॲप बंद पडतंय? आधी यादी वाचवा, मग ॲप निवडा

'अमुक तारखेपासून ही सेवा बंद होत आहे' अशी पट्टी ॲपमध्ये झळकली की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर 'बघू नंतर' म्हणून ती बाजूला सारतो, नाहीतर तिथल्या तिथे प्ले स्टोअर उघडून सगळ्यात वर दिसेल ते ॲप उतरवून घेतो. पहिल्या मार्गात वर्षानुवर्षं जमवलेली कार्यक्रमांची यादी हातची जाते. दुसऱ्यात काही वर्षांनी हीच पाळी पुन्हा येईल, याची तजवीज आपणच करून ठेवतो.

असं वारंवार होतं, हे आधी लक्षात घेऊ. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप जून २०१८ मध्ये अँड्रॉइडवर आलं. फुकट, साधं, जाहिरातींचा त्रास नाही, त्यामुळे भारतात कित्येकांचं ते पहिलं पॉडकास्ट ॲप ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ते गुंडाळत असल्याचं सांगितलं. अमेरिकेत २ एप्रिल २०२४ ला आणि आपल्यासह इतर देशांत त्याच वर्षीच्या जूनमध्ये ते थांबलं. यादी बाहेर काढायला जुलै २०२४ अखेरपर्यंत मुदत होती. त्याच्या आधी २९ ऑगस्ट २०२३ ला स्टिचर बंद झालं. ते २००८ पासूनचं, म्हणजे या क्षेत्रातलं जुनंजाणतं नाव. सिरियस एक्सएम या बड्या कंपनीने २०२० मध्ये ३२.५ कोटी डॉलरपर्यंतच्या व्यवहारात ते विकत घेतलं आणि तीनच वर्षांत त्याला कुलूप लावलं. फेसबुकने तर २०२१ मध्ये सुरू केलेली पॉडकास्टची सोय वर्षभरात काढून टाकली.

याउलट, आयफोनवरचं ओव्हरकास्ट हे ॲप मार्को आर्मेंट नावाचा एक प्रोग्रॅमर २०१४ पासून जवळपास एकहाती चालवतो आहे. अँटेनापॉड हे अँड्रॉइडवरचं ॲप स्वयंसेवक मंडळी २०१२ पासून सांभाळताहेत. कंपनी मोठी म्हणजे सेवा टिकाऊ, हा हिशेब इथे लागू पडत नाही. मोठ्या कंपनीसाठी पॉडकास्ट हा शंभर उद्योगांपैकी एक असतो, आणि काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री अशाच उद्योगाला लागते.

म्हणून नवं ॲप निवडताना 'यात काय काय मिळतं' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. पहिला प्रश्न विचारा: उद्या यातून बाहेर पडायचं झालं, तर माझं सामान मला नेता येईल का?

बंद पडतं ते नेमकं काय?

पेपर टाकणारा मुलगा बदलला म्हणून पेपर निघायचा थांबत नाही. पॉडकास्टचंही तसंच आहे. कार्यक्रम करणारी माणसं आपला भाग कुठल्यातरी होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर चढवतात. तिथेच त्या कार्यक्रमाची एक 'फीड' असते. फीड म्हणजे एक साधी मजकूर-फाइल. तिच्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ऑडिओ फाइलचा पत्ता लिहिलेला असतो. या पद्धतीला आरएसएस म्हणतात. ऑडिओ फाइल फीडला जोडण्याची युक्ती डेव्ह वायनर आणि ॲडम करी यांच्या खटपटीतून २००० च्या सुमारास आली, आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणल्यावर ती जगभर पसरली.

तुमचं ॲप एवढंच करतं: तुम्ही निवडलेल्या फीड ठरावीक वेळाने तपासतं, नवा भाग दिसला की उतरवून घेतं आणि वाजवतं. गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा त्यावर ऐकला जाणारा एकही कार्यक्रम त्या कारणाने संपला नाही. ऐकणाऱ्यांकडून हरवली ती यादी: कोणते कार्यक्रम ऐकत होतो, कुठवर ऐकले होते, कोणते भाग नंतरसाठी राखून ठेवले होते.

याला एक अपवाद आहे. काही कार्यक्रमांना अशी उघडी फीडच नसते. कुकू एफएम, ऑडिबल यांसारख्या ठिकाणचे 'फक्त आमच्याकडे' म्हणून विकले जाणारे कार्यक्रम त्या ॲपच्या भिंतीआडच राहतात. ते दुसऱ्या कुठल्याही ॲपमध्ये नेता येत नाहीत. तुमच्या आवडीच्या कार्यक्रमांपैकी किती उघडे आणि किती भिंतीआडचे, हे आधी मोजा. सगळेच भिंतीआडचे असतील तर ॲप निवडायचा प्रश्नच उरत नाही. जिथे ते आहेत तिथे जावं लागतं.

सगळ्यात आधी: यादी बाहेर काढा

बंद होण्याची सूचना दिसली की त्याच दिवशी हे काम उरका. नवं ॲप ठरवायला महिनाभर लागला तरी चालेल, पण यादी काढायला मुदत असते आणि ती उलटली की कोणाकडे दाद मागता येत नाही.

पॉडकास्ट ॲपमधून यादी काढण्याच्या फाइलला ओपीएमएल म्हणतात. हा प्रकारही डेव्ह वायनर यांनीच २००० मध्ये आणला आणि आजही जवळपास प्रत्येक गंभीर पॉडकास्ट ॲपला तो समजतो. सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट', 'बॅकअप' किंवा सरळ 'ओपीएमएल' असं लिहिलेलं शोधा. अँटेनापॉडमध्ये सेटिंग्ज उघडून इम्पोर्ट/एक्स्पोर्टमध्ये गेलात की ते सापडतं. पॉकेट कास्ट्समध्ये प्रोफाइलमधून सेटिंग्जमध्ये जाऊन खाली सरकायचं. ओव्हरकास्टमध्येही सेटिंग्जमध्येच आहे.

फाइल मिळाली की तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी ती उघडून बघा. कुठल्याही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. सुरुवातीला दोन-चार ओळी मथळ्याच्या असतात, आणि पुढे प्रत्येक कार्यक्रमासाठी 'आउटलाइन' या शब्दाने सुरू होणारी एकेक ओळ. त्या ओळीत अवतरणचिन्हांमध्ये कार्यक्रमाचं नाव, आणि त्याच ओळीत पुढे 'एक्सएमएल यूआरएल' असं म्हणून फीडचा पूर्ण पत्ता. एवढंच. चाळीस कार्यक्रमांची फाइलही काही किलोबाइटच्या पुढे जात नाही. ओळी मोजा, आणि ॲपमध्ये दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या संख्येशी ताडून पाहा. फाइल रिकामी किंवा अर्धवट निघाली असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. सेवा बंद झाल्यावर कळून उपयोग नाही.

या फाइलमध्ये काय नसतं, तेही माहीत हवं. कोणता भाग किती मिनिटांपर्यंत ऐकला, कोणते भाग पूर्ण झाले, रांगेत पुढे काय लावलंय, तारा मारून काय ठेवलंय, यातलं सहसा काही येत नाही. उतरवलेल्या ऑडिओ फाइलीही येत नाहीत. काही ॲप स्वतःचा वेगळा पूर्ण बॅकअप देतात. अँटेनापॉडचा डेटाबेस एक्स्पोर्ट त्यातलाच. पण तो परत अँटेनापॉडमध्येच भरता येतो, दुसऱ्या ॲपला तो वाचता येत नाही. म्हणून अर्धवट ऐकलेले आणि राखून ठेवलेले भाग हाताने टिपून ठेवा, किंवा त्या पानांचे स्क्रीनशॉट काढा. पाच मिनिटांचं काम आहे. एखाद्या लांबलचक मालिकेच्या मधेच असाल तर कितव्या भागावर आहोत हे तर नक्कीच लिहून ठेवा.

एक सावधगिरीची सूचना. पेट्रिऑनसारख्या ठिकाणी पैसे भरून तुम्ही एखाद्या कार्यक्रमाचे खास भाग ऐकत असाल, तर तुम्हाला दिलेली फीडची लिंक फक्त तुमच्यासाठी बनवलेली असते. ती ओपीएमएल फाइलमध्ये जशीच्या तशी उतरू शकते. म्हणून 'मी काय काय ऐकतो बघ' म्हणत ती फाइल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आधी त्या ओळी पुसा.

फाइल स्वतःला ईमेल करा किंवा ड्राइव्हमध्ये ठेवा. फक्त फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवलेली फाइल फोनबरोबरच हरवते.

मुदत उलटून गेली असेल तर

ॲप उघडतच नाही, यादीही काढली नव्हती, तरी सगळं गेलं असं समजू नका. काही ॲप उतरवलेले भाग फोनच्या साठवणीत एमपी३ फाइली म्हणून ठेवतात. फाइल मॅनेजरमध्ये त्या दिसल्या तर त्यांच्या माहितीत बहुधा कार्यक्रमाचं नाव असतं. जुन्या व्हॉट्सॲप गप्पांमध्ये मित्रांना पाठवलेल्या लिंक शोधा. ईमेलमध्ये पेट्रिऑनच्या पावत्या असतील. फोनमधले जुने स्क्रीनशॉट चाळा. स्पॉटिफायवर यादी असेल तर खात्याच्या गोपनीयतेच्या पानावरून तुम्ही स्वतःची माहिती मागवू शकता. तिच्यात जतन केलेल्या कार्यक्रमांची नावं येतात. फीडचे पत्ते येत नाहीत, पण नाव हाती आलं की शोध सोपा होतो.

नव्या ॲपला विचारायचे पाच प्रश्न

पहिला प्रश्न अर्थातच बाहेर पडण्याचा: ओपीएमएल आत घेतं का, आणि बाहेर देतं का? दोन्ही तपासा, कारण काही ॲप आत घ्यायला फार उत्सुक असतात आणि बाहेर द्यायची वेळ आली की बटणच सापडत नाही. हे तपासायला सोपा उपाय आहे. नव्या ॲपमध्ये दोन कार्यक्रम घाला आणि लगेच यादी बाहेर काढून बघा. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

दुसरा प्रश्न: हे ॲप कोणाच्या पैशावर चालतं? सर्व्हर, प्रोग्रॅमर, दुरुस्त्या या सगळ्याला पैसा लागतो. तो वर्गणीतून येतो, जाहिरातींतून येतो, देणग्यांतून येतो, की एखाद्या मोठ्या कंपनीच्या तिजोरीतून? पहिल्या तीन प्रकारांत निदान तुम्ही त्या हिशेबात कुठेतरी असता. चौथ्यात तुमचं ॲप टिकणार की नाही, हे तुमच्याशी काही संबंध नसलेल्या बैठकीत ठरतं. स्वतःचा खर्च नीट भागवणारं छोटं ॲप बेफिकीर मालकाच्या मोठ्या ॲपपेक्षा जास्त जगू शकतं. छोट्यांनाही धोका असतोच. आयफोनवरचं कॅस्ट्रो हे नावाजलेलं ॲप २०२३ च्या अखेरीस सर्व्हरच्या बिघाडाने काही दिवस कोलमडलं होतं. पुढे २०२४ च्या सुरुवातीला ते नव्या मालकाकडे गेलं आणि सावरलं. म्हणून प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघायची सवय ठेवा. वर्षभर काहीच हालचाल नसेल तर समजून जा.

तिसरा प्रश्न: फीडची लिंक स्वतः घालता येते का? बहुतेक ॲप शोधपट्टीत नाव टाकलं की कार्यक्रम दाखवतात. पण एखाद्या छोट्या गटाचा कार्यक्रम, संस्थेची खासगी व्याख्यानमाला किंवा पेट्रिऑनची खास फीड शोधात येत नाही. तिथे लिंक चिकटवायची सोय लागते. अँटेनापॉड, पॉकेट कास्ट्स, ओव्हरकास्ट आणि ॲपल पॉडकास्ट्समध्ये ती आहे. यूट्यूब म्युझिकमध्येही फीड घालता येते. स्पॉटिफायमध्ये ऐकणाऱ्याला अशी लिंक टाकता येत नाही.

चौथा प्रश्न: नेट नसताना चालतं का? हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो. त्याच्या आगेमागेही बोगद्यांची रांगच आहे. घाटातून जाणारी एसटी असो की भुयारी मेट्रो, रेंज गेली की थेट ऐकणारं ॲप मुकं होतं. म्हणून वायफायवर नवे भाग आपोआप उतरवून ठेवणारं, आणि ऐकून झालेले आपोआप काढून टाकणारं ॲप हवं. या दोन्ही सेटिंग वेगवेगळ्या असतात. दोन्ही शोधून लावा. जागेचा अंदाजही सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाचा एक तासाचा भाग साधारण ५८ एमबीचा असतो. अमित वर्मा यांच्या 'द सीन अँड द अनसीन'सारख्या कार्यक्रमाचा पाच तासांचा भाग त्या दराने २९० एमबीच्या आसपास जाईल. असे पाच-सहा भाग ऐकून झाल्यावरही पडून राहिले, तर दीडेक जीबी जागा अडली.

पाचवा प्रश्न मराठी ऐकणाऱ्यांचा: माझे कार्यक्रम सापडतात का? ॲपचं कौतुक वाचून ते उतरवू नका. तुमच्या यादीतले पाच कार्यक्रम त्यात शोधा. शोधताना नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाका. मराठी कार्यक्रमांची नोंदणी कोणी एका लिपीत करतं, कोणी दुसऱ्या. रोमनमध्येही एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं चालतात. 'मित्रम्हणे' एकत्र लिहिलंय की तोडून, 'अमुक तमुक'मध्ये 'यू' आहे की 'ओओ', एवढ्याशा फरकाने शोध रिकामा परत येतो. 'गोष्ट दुनियेची' शोधताना पूर्ण नाव टाकून काही मिळालं नाही तर संस्थेच्या नावाने, म्हणजे 'बीबीसी मराठी' टाकून बघा. अँटेनापॉड एकाच वेळी ॲपलची सूची, पॉडकास्ट इंडेक्स वगैरे दोन-तीन ठिकाणी शोधतं, हा त्याचा फायदा. पॉडकास्ट इंडेक्स ही ॲडम करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुरू केलेली खुली सूची आहे.

आणखी एक गोष्ट मान्य करून पुढे जाऊ. मराठीतले बरेच गाजणारे गप्पांचे कार्यक्रम आज यूट्यूबवर व्हिडिओ म्हणून बघितले जातात. त्यांतल्या काहींची ऑडिओ फीड असते, काहींची नसते. ज्यांची नाही, त्यांच्यासाठी यूट्यूबच ठेवा. सगळं एकाच ॲपमध्ये कोंबायच्या हट्टापायी चांगलं ॲप नाकारू नका.

कोणासाठी कोणतं?

अँड्रॉइड फोन आहे, जाहिराती नकोत, खातं उघडायची इच्छा नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत: अँटेनापॉड. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो आणि उद्या आजची मंडळी थकली तर दुसऱ्यांना तो उचलता येतो. दिसायला थोडं रूक्ष वाटेल, पण एकदा बसवलं की कटकट नाही. उणीव म्हणाल तर दोन उपकरणांमध्ये जुळवणी करायला जीपॉडर किंवा नेक्स्टक्लाउड अशा वेगळ्या सेवेची जोड लागते, आणि ते सगळ्यांना जमेल असं नाही.

सकाळी अँड्रॉइडवर, दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, रात्री आयपॅडवर असं ऐकणं असेल: पॉकेट कास्ट्स. खातं उघडलं की ऐकण्याची जागा सगळीकडे सारखी राहते. मूळचं ऑस्ट्रेलियातलं हे ॲप २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओ संस्थांनी घेतलं, आणि २०२१ पासून ते वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिककडे आहे. २०२२ मध्ये त्याच्या मोबाइल ॲपचा कोडही खुला केला गेला. मालक बदलले तरी यादी बाहेर काढायची वाट कायम राहिली, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फोल्डर वगैरे काही सोयींना वर्गणी लागते. त्यांच्याविना काही अडत नाही.

आयफोनवर लांब गप्पा ऐकणारे: ओव्हरकास्ट. बोलण्यातल्या शांततेच्या जागा हळूच आखडणारी 'स्मार्ट स्पीड' आणि दबका आवाज उठवणारी 'व्हॉइस बूस्ट' या त्याच्या दोन खास गोष्टी. घरगुती माइकवर ध्वनिमुद्रित केलेल्या मराठी कार्यक्रमांत एका वक्त्याचा आवाज खणखणीत आणि दुसऱ्याचा विहिरीतून आल्यासारखा, असा प्रकार फार असतो. तिथे दुसरी सोय उपयोगी पडते. फुकट वापरताना जाहिराती दिसतात.

आयफोन आहे आणि नवं काही शिकायचंच नाही: ॲपल पॉडकास्ट्स. ते आधीपासून फोनमध्ये आहे, चालतं, लिंकही घालता येते. पण यादी ओपीएमएलमध्ये काढायचं सरळ बटण त्यात नाही. वापरणार असाल तर दर काही महिन्यांनी यादीच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गाणी आणि पॉडकास्ट एकाच ठिकाणी हवे: स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिक. सोय आहे, आणि मराठी कार्यक्रमही भरपूर सापडतात. पण स्पॉटिफाय ओपीएमएल घेतही नाही आणि देतही नाही. यादी आठ-दहा कार्यक्रमांचीच असेल तर हरकत नाही. कागदावरही लिहून ठेवता येईल. साठ-सत्तर कार्यक्रम असतील तर दोनदा विचार करा.

घरातल्या ज्येष्ठांसाठी ॲप निवडताना वेगळा हिशेब लावा. अक्षर मोठं दिसतं का, 'चालू' आणि 'थांबा' ही बटणं ठसठशीत आहेत का, उघडल्या उघडल्या भलत्याच शिफारशींचा बाजार समोर येतो का? आई-बाबांना पंधरा सोयी नको असतात. त्यांना कालचं कीर्तन जिथे थांबवलं तिथून पुढे हवं असतं. ॲप बसवून द्या, त्यांचे तीन-चार कार्यक्रम घाला, आपोआप उतरवणं लावा आणि होम स्क्रीनवर खालच्या पट्टीत ते ठेवा. दिसायला त्रास होत असेल तर फोनमधला टॉकबॅक लावून ॲपची बटणं नीट वाचली जातात का, तेही बघून घ्या. यादी बाहेर काढायचं काम मात्र तुमच्याकडे ठेवा.

एक आठवडा परीक्षा घ्या

दोन ॲप निवडा, तीच ओपीएमएल फाइल दोन्हींत भरा आणि रोजच्या धबडग्यात वापरून बघा. या गोष्टी मुद्दाम तपासा.

भाग उतरवून घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाजवा. वाजला तरच तो खरा उतरला आहे.

ऐकताना कोणालातरी फोन करायला सांगा. फोन ठेवल्यावर ॲप आपणहून पुढे सुरू होतं का, की हाताने चालू करावं लागतं? परत सुरू होताना दोन-चार सेकंद मागे येतं का? तुटलेलं वाक्य पुन्हा ऐकायला मिळणं ही छोटी गोष्ट रोज कामाला येते.

हेडफोनचं किंवा गाडीच्या स्टिअरिंगवरचं 'पुढे' बटण दाबा. काही ॲप ३० सेकंद पुढे जातात, काही सरळ पुढच्या भागावर उडी मारतात. हायवेवर गाडी चालवताना हे कळण्यापेक्षा आधी कळावं. सेटिंगमध्ये ते बहुधा बदलता येतं.

वेग १.५ पट करून बघा. तासाचा भाग ४० मिनिटांत संपतो, पण आवाज चिरका तर होत नाही ना, ते ऐका. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा वेग लावता आला तर उत्तम: बातम्या वेगात, कथावाचन सावकाश.

रात्री ऐकत झोपत असाल तर स्लीप टायमर लावून पाहा. 'हा भाग संपेपर्यंत' असा पर्याय आहे का, ते बघा.

आता अँड्रॉइडवाल्यांसाठी खास. 'नवे भाग आपोआप उतरतच नाहीत' किंवा 'स्क्रीन बंद केली की आवाज थांबतो' ही तक्रार निघाली की लोक ॲपला दोष देतात आणि दुसरं शोधतात. पुष्कळदा दोष फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगचा असतो. फोन मागे चालणारं ॲप झोपवून टाकतो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जा, बॅटरी उघडा आणि 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा तत्सम पर्याय निवडा. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगीही असते, तीही द्या. परवानग्यांचं उलट टोकही लक्षात असू द्या: पॉडकास्ट ऐकवायला ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट किंवा लोकेशन लागत नाही. मागितलं तर नकार द्या, आणि नकार दिल्यावर चालत नसेल तर ॲपच काढून टाका.

जुन्या ॲपचा हिशेब मिटवा

ॲप फोनमधून काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नव्हे. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स', आयफोनवर तुमच्या नावाखाली 'सबस्क्रिप्शन्स' इथे जाऊन ती रद्द करा. ॲपच्या वेबसाइटवरून यूपीआय ऑटोपे लावला असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये मँडेट शोधून तो बंद करा. वर्षाची वर्गणी भरून महिना-दोन महिनेच झाले असतील तर उरलेले पैसे परत देणार का, हे सेवा चालू असतानाच लेखी विचारा. कुलूप लागल्यावर ग्राहक सेवेचा ईमेलही कोणी वाचत नाही.

नव्या ॲपची 'आजीवन' योजना समोर आली तर एवढं लक्षात असू द्या की ते आजीवन ॲपचं असतं, तुमचं नव्हे. वार्षिक किंवा मासिक वर्गणी थोडी महाग वाटली तरी बाहेर पडायची मोकळीक राहते. आवडत्या कार्यक्रमालाच मदत करायची असेल तर ती थेट कार्यक्रम करणाऱ्यांना करा. ॲप बदललं तरी ते नातं तुटत नाही.

जुन्या ॲपमध्ये खातं असेल तर यादी नव्या जागी नीट पोचल्याची खात्री करून ते पुसून टाका. आधी पुसू नका. आणि तुम्ही स्वतः एखादा छोटा कार्यक्रम चालवत असाल, तर ऐकणाऱ्यांना 'अमुक ॲपवर फॉलो करा' एवढंच सांगू नका. फीडची लिंक वर्णनात द्या. ॲप बंद पडलं तरी त्या लिंकवरून तुमचे श्रोते तुम्हाला पुन्हा शोधू शकतील.

शेवटी, कॅलेंडरमध्ये दर सहा महिन्यांची एक आठवण लावा: ओपीएमएल काढणे. वाहनाचा विमा, गॅसची नळी यांच्या तारखांच्या शेजारी तीही बसू द्या. जुनी फाइल काढून नवी ठेवा. एवढं पाळलंत तर पुढच्या वेळी 'ही सेवा बंद होत आहे' अशी पट्टी झळकली की नव्या ॲपमध्ये फाइल भरायची आणि राहिलेला भाग पुढे ऐकायचा, इतकंच काम उरेल.